श्रोत्यांचा कौल

व्यासपीठावर उभ्या असलेल्या वक्त्यासमोर त्याचे श्रोते बसलेले असतात. एखादे वाक्य त्यांना रुचले की टाळ्या पडतात. कंटाळा आला की चुळबुळ सुरू होते. आपले बोलणे कितपत पोहोचले, हे वक्त्याला तेथल्या तेथे कळते. नभोवाणीवर बोलणाऱ्याचे तसे नसते. त्याच्यासमोर असतो तो केवळ मायक्रोफोन. श्रोते दूर, आपापल्या घरी किंवा प्रवासात असतात. त्यांच्या चेहऱ्यांवरील भाव बोलणाऱ्याला दिसत नाहीत. मग त्यांना काय वाटले, हे त्याने जाणावे कसे? आणि त्यांचे मत प्रतिकूल असेल, तर त्याने काय करावे? अमेरिकेतील एका दीर्घायुषी मुलाखत-कार्यक्रमाच्या इतिहासात या प्रश्नांचे उत्तर सापडते.

या कार्यक्रमाचे नाव ‘फ्रेश एअर’, म्हणजे ताजी हवा. फिलाडेल्फिया शहरातील एका नभोवाणी केंद्रावर टेरी ग्रॉस यांनी १९७५ साली या कार्यक्रमाची सूत्रे हाती घेतली. त्यापूर्वी त्यांनी बफेलो शहरातील एका शाळेत आठवीच्या वर्गाला शिकवून पाहिले होते. पण वर्गावर त्यांचा वचक बसेना. अवघ्या सहा आठवड्यांत त्यांची नोकरी गेली. ज्यांना एक वर्ग सांभाळता आला नाही, त्यांचा आवाज पुढे देशभर लक्ष देऊन ऐकला जाऊ लागला. १९८५ पासून हा कार्यक्रम आठवड्यातून एकदा आणि १९८७ पासून रोज देशभरातील केंद्रांवरून ऐकू येऊ लागला. लेखक, गायक, नट, शास्त्रज्ञ, राजकीय पुढारी अशा नाना क्षेत्रांतील हजारो व्यक्ती त्यात बोलल्या. २०२५ साली ग्रॉस यांच्या या कार्याला पन्नास वर्षे झाली. २०२३ पासून टोन्या मोस्ली यांनीही मुलाखतकार म्हणून त्यांना साथ दिली आहे.

अमेरिकेतील पुष्कळशी नभोवाणी केंद्रे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात. ‘फ्रेश एअर’ ज्या केंद्रांवरून ऐकू येते, त्यांची रीत निराळी आहे. त्यांना सार्वजनिक नभोवाणी केंद्रे म्हणतात. वर्षातून काही वेळा ही केंद्रे श्रोत्यांना वर्गणीसाठी आवाहन करतात आणि श्रोते आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवतात. सरकारचेही काही साहाय्य त्यांना मिळत असे. परंतु २०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, ते काढून घेतले. त्यामुळे श्रोत्यांच्या वर्गणीचे मोल अधिकच वाढले. जो वर्गणी देतो, तो कार्यक्रमाला आपला मानतो. आणि जे आपले, त्याविषयी तो मोकळेपणाने बोलतो.

व्यक्ती तितक्या प्रकृती. श्रोत्यांची मतेही तशीच. कोणाला ग्रॉस यांची तयारी आवडते. मुलाखतीपूर्वी त्या पाहुण्याचे पुस्तक वाचतात, चित्रपट पाहतात, गाणी ऐकतात. त्यामुळे त्यांचा प्रश्न वरवरचा नसतो. कोणाला त्यांचे मन लावून ऐकणे आवडते. उलट कोणाला वाटते, की त्या पाहुण्याच्या खाजगी आयुष्यात फार खोल शिरतात. वस्तुतः एखादा प्रश्न फार खाजगी वाटला तर तसे सांगावे, आपण दुसरा प्रश्न घेऊ, अशी मोकळीक त्या पाहुण्यांना आधीच देतात. मात्र राजकीय पुढाऱ्यांना ही सवलत नसते; कारण लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने लोकांच्या प्रश्नांना उत्तर दिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट कळली, की नव्या श्रोत्यांना आश्चर्य वाटते. इतक्या जिव्हाळ्याने बोलणारी ही दोन माणसे बहुधा एका खोलीत नसतात. ग्रॉस फिलाडेल्फियात आणि पाहुणा दुसऱ्याच एखाद्या शहरात असतो. दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसत नाही. दोघांमध्ये असतो तो केवळ आवाज. श्रोत्याचीही स्थिती तीच असते.

श्रोत्यांच्या मताची खरी कसोटी २००३ साली लागली. त्या वर्षी बिल ओरायली या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध वादपटूची मुलाखत ग्रॉस यांनी घेतली. त्याच्या काही आठवडे आधी अल फ्रँकन या विनोदी लेखकाशी त्या हसतखेळत बोलल्या होत्या. याच फ्रँकन यांनी आपल्या पुस्तकात ओरायली यांच्यावर कडक टीका केली होती. ओरायली यांना मात्र ग्रॉस यांनी एकामागून एक टीकेचेच प्रश्न विचारले. फ्रँकन यांना इतके कठोर प्रश्न आपण विचारले होते का, असा उलट सवाल ओरायली यांनी केला, आणि मुलाखत अर्धवट सोडून ते निघून गेले. ते गेल्यावर ग्रॉस यांनी त्यांच्या पुस्तकावरील एक प्रतिकूल अभिप्राय वाचून दाखवला.

हा भाग प्रसारित होताच श्रोत्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. पाहुणा कोणत्याही मतांचा असो, त्याला न्यायाने वागवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हा कार्यक्रम देशभर पोहोचवणाऱ्या ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ या संस्थेत त्या वेळी एक विशेष पद होते. श्रोत्यांच्या तक्रारी वाचाव्यात आणि त्यांवर निर्भयपणे मत द्यावे, हेच त्या पदावरील अधिकाऱ्याचे काम. जेफ्री ड्वॉर्किन हे तेव्हा त्या पदावर होते. त्यांनी आपला अभिप्राय लिहून प्रसिद्ध केला. मुलाखतीच्या सुराविषयी तक्रार करणाऱ्या श्रोत्यांशी ते सहमत झाले. पाहुणा निघून गेल्यावर, उत्तर द्यायला तो समोर नसताना, त्याच्यावरील टीका वाचून दाखवणे हे न्यायाला धरून नाही, असेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

या प्रसंगाचा नीट विचार करावा. संस्थेने ‘आमचे ते सर्व बरोबर’ असा हट्ट धरला असता, तर ते सोपे होते. श्रोत्यांचा रोष पाहून कार्यक्रम बंद केला असता, तर तेही सोपे होते. तिने दोन्ही केले नाही. तिच्याच अधिकाऱ्याने तिच्याच नामांकित कार्यक्रमातील उणीव उघडपणे सांगितली, आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. अडचणीचे प्रश्न विचारणे ग्रॉस यांनी सोडले नाही. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी म्हण आहे. तिचा उत्तरार्ध सर्वांना सोयीचा वाटतो. पूर्वार्ध पाळणे मात्र अवघड असते. लोकांचे म्हणणे खरोखर ऐकल्यावाचून मनाचे करणे, हा केवळ हेका होय.

श्रोत्यांचा कौल नेहमी तक्रारीचाच असतो असे नाही. २०११ साली मॉरिस सेंडॅक यांच्याशी ग्रॉस टेलिफोनवरून बोलल्या. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे मुलांसाठीचे प्रसिद्ध चित्रमय पुस्तक सेंडॅक यांनी १९६३ साली लिहिले व चितारले होते. आता ते त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते. वार्धक्याविषयी, गमावलेल्या मित्रांविषयी आणि खिडकीबाहेरच्या जुन्या वृक्षांविषयी ते मनमोकळेपणाने बोलले. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, ते निवर्तले. त्या संभाषणाने असंख्य श्रोत्यांची मने हेलावली. क्रिस्टोफ नीमन या चित्रकाराने तर त्या शब्दांना साजेशी हलती रेखाचित्रे काढली. हाही श्रोत्याचा अभिप्रायच होता. फक्त तो रेषांतून उमटला.

येथे श्रोत्याचेही कर्तव्य दिसून येते. मत देणे हा त्याचा अधिकार आहे. परंतु आधी पूर्ण ऐकणे ही त्या अधिकाराची किंमत आहे. ‘मला आवडले नाही’ एवढेच म्हणणाऱ्याच्या मतातून बोलणाऱ्याला काही शिकता येत नाही. काय आवडले नाही आणि का, हे जो सांगतो, त्याचे मत उपयोगी पडते. २००३ साली श्रोत्यांच्या तक्रारीला वजन आले, ते तिच्यामागे कारण होते म्हणून. पाहुण्याची मते पटतात की नाही, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्याला न्याय मिळाला की नाही, हा होता. जो माणूस आपल्याला पटत नाही, त्याच्यावरील अन्यायही ज्याच्या कानाला खटकतो, तोच खरा श्रोता.

अभ्यास

१. नभोवाणीवर बोलणाऱ्याची आणि व्यासपीठावरील वक्त्याची स्थिती यांत कोणता फरक आहे?
२. राजकीय पुढाऱ्यांना प्रश्न टाळण्याची सवलत का नसते?
३. २००३ सालच्या मुलाखतीविषयी श्रोत्यांची तक्रार कोणती होती? ड्वॉर्किन यांनी तिच्यावर काय मत दिले?
४. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीचा कोणता भाग पाळणे अवघड आहे? का?
५. वाक्यांत उपयोग करा : सूत्रे हाती घेणे, वचक बसणे, मन हेलावणे, हट्ट धरणे.
६. एखादी मुलाखत संपूर्ण ऐका. तुम्हांला काय आवडले, काय खटकले आणि का, हे दहा ओळींत लिहा.