चंद्राच्या पोटांतील वजन

विद्यार्थिमित्रहो, आपल्या जयसिंगपूर स्टेशनावरून एखादी गाडी न थांबतां शिटी वाजवीत जाते, तेव्हां ती जवळ येत असतां शिटीचा सूर चढा लागतो व पुढें निघून जातांच तो उतरतो. मूळ सूर ज्यास ठाऊक आहे, तो डोळे मिटूनही गाडी येते कीं जाते हें सांगूं शकेल. ह्यास डॉपलरचा नियम म्हणतात. आणि त्याच्याच बळावर शास्त्रज्ञांनीं चंद्राच्या पोटाचा शोध घेतला.

चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या यानाकडून पृथ्वीवर रेडिओचा सूर येत असतो. यानाखालीं जड खडक आला कीं त्याच्या ओढीनें यानाचा वेग किंचित् बदलतो, आणि वेगाबरोबर सूरही बदलतो. असे बदल टिपून ठेवले म्हणजे ओढ कोठें अधिक व कोठें कमी, ह्याचा नकाशा तयार होतो.

१९६८ सालीं मुलर व शोग्रेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ‘लूनर ऑर्बिटर’ यानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हां एक नवल आढळलें. ज्या काळ्या डागांत आपणांस ससा दिसतो, त्यांपैकीं कित्येकांखालीं ओढ अधिक होती! प्राचीन काळीं प्रचंड अशनि आदळून तेथें खळगे पडले, खालचा जड खडक वर उचलला गेला व पुढें खळग्यांत लाव्हा भरला. तो थिजलेला लाव्हा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाप्रमाणेंच बेसॉल्ट जातीचा आहे.

ही ओढ न जाणल्यास काय होतें? १९७२ च्या एप्रिलांत अपोलो १६ नें सोडलेला लहान उपग्रह कक्षा बिघडून सुमारें ३५ दिवसांत चंद्रावर आपटला.

चंद्राची पाठ मात्र आपल्याकडे कधींच वळत नाहीं. यान तिकडे गेलें कीं सूर बंद. २००७ सालीं निघालेल्या जपानच्या ‘कागुया’ यानानें सोबतच्या उपग्रहाकरवीं तो सूर पृथ्वीस पोंचविला. २०१२ सालीं अमेरिकेच्या ‘ग्रेल’ ह्या यानांच्या जोडीनें परस्परांमधील अंतराचे अतिसूक्ष्म फरक मोजून अवघ्या चंद्राचा बारीक नकाशा सिद्ध केला. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चंद्रयान-३ चंद्रावर उतरलें. अशा प्रवासाच्या गणितांत ह्या असमान ओढीचा हिशेब धरावाच लागतो.

मुलांनो, निर्मात्यानें चंद्राच्या पोटांत ठेवलेलें वजन कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. तें जवळून जाणाऱ्यास जाणवलें. मनुष्याच्या अंतःकरणाचेंही असेंच आहे. पालकांस आमची विनंती कीं, येत्या पौर्णिमेस मुलांसह अंगणांत बसून ते डाग अवश्य पाहावेत.