पुणे ते नागपूर : आकाशातून किती लांब?



आपल्या वर्गात महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला आहे. त्यात पुण्याच्या उजवीकडे आपला भाग दिसतो. वर शिरूर, खाली दौंड, मधून भीमा नदी. नागपूर मात्र पार उजव्या टोकाला आहे. माझी चुलत बहीण यंदा नर्सिंग शिकायला तिथं गेली. काकू सारखी विचारते, "काही झालं तर पोरगी किती तासांत घरी येईल?" म्हणून मी हा अभ्यास केला.

नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. पुण्याचे विमानतळ लोहगावला आहे, नागपूरचे सोनेगावला. मी दोन फूटपट्ट्या एकीपुढे एक ठेवून मोजले. ६० सेंटिमीटर भरले. म्हणजे सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर झाले. गंमत अशी की ही रेघ बरोबर शिरूरवरून जाते! पुढे ती वाशिमजवळून जाते. विमान अगदी रेघेवरूनच उडते असे नाही, पण अंतर समजायला रेघ बरी.

रेल्वे अशी सरळ जात नाही. ती दौंडहून आधी उत्तरेला अहिल्यानगर, मनमाडकडे जाते. मग वळून भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूरला पोहोचते. त्यामुळे पुण्याहून ६०० चे सुमारे ८८० किलोमीटर होतात.

आता वेळ काढू. मोठे विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर जाते. ६०० ला ८०० ने भागले की पाऊण तास येतो. पण वेळापत्रकात सव्वा तासाच्या पुढेच वेळ असते. गुरुजी म्हणाले, "विमान जागेवरून हललं की वेळ सुरू होते. ते आधी जमिनीवर चालतं, रांगेत थांबतं, मग वर चढतं. उतरतानाही वेग कमी करतं." लोहगावची धावपट्टी तर हवाई दलाची आहे. लढाऊ विमानेही तिथूनच उडतात.

एवढ्यावर घर येत नाही. बहिणीला सोनेगावला दोन तास आधी जावे लागेल. उतरल्यावर सामान घ्यायचे, मग वाघोलीची गर्दी! लोहगावहून आपल्या गावी यायला दोन तास धरले. सगळे मिळून सहा तास तरी झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वंदे भारत गाडी सुरू झाली. ती नागपूरच्या अजनी स्टेशनपासून पुण्यापर्यंत १२ तास घेते. बहीण अलीकडे दौंडलाच उतरेल, पण पुढे गावापर्यंत यायचे आहेच. म्हणजे विमानाने निम्मा वेळ वाचतो. मला वाटले होते दहापट वाचेल.

नागपूर देशाच्या मधोमध आहे, याचा पूर्वी मोठा उपयोग झाला. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला जमत. तिथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची. मग सगळी परत जायची. पत्र सकाळी दुसऱ्या शहरात!

काकूला मी सगळे आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे सकाळी निघाली तर दुपारी जेवायला घरी." मग म्हणाली, "दिवाळीला मात्र गाडीनंच येऊ दे. तिकीट किती पडतं, ते कुठं मोजलंस तू?"

ते मी पुढच्या अंकात लिहीन.