डोंगरवाटेसाठीं ठिपकेदार घोडें घेतांना

अंधेरी, मुलुंडकडील ज्या वाचकांच्या जमिनी नेरळ-कर्जतच्या डोंगरांत आहेत, त्यांस डोंगरी घोडें माथेरानावर परिचित आहेच. तेथें मोटारीस मज्जाव असल्यानें माणसें व सामान आजही घोड्यांवरून जातें. खरेदीस मात्र नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा प्रसिद्ध. तेथें गिऱ्हाइकाची नजर रंगावर व भोवऱ्यांवर खिळते. भोवऱ्यांचें शुभाशुभ आम्ही मानीत नाहीं. रंगाचें मात्र एक मानतों.

अमेरिकेंतील नेझ पर्स लोकांनीं वाढविलेली ‘अ‍ॅपलूसा’ ही ठिपकेदार जात नामांकित आहे. खुरांवर उभे पट्टे व ओठांची चितकबरी कातडी ही तिची आणखी लक्षणें. ठिपक्यांचा हा गुण आईबाप दोघांकडूनही आला, तर घोडें जन्मतःच रातांधळें निपजतें. अशा जनावराचें अंग बहुधा पांढरें असून ठिपके अगदीं थोडे असतात. तें नुकऱ्यासारखें दिसलें म्हणून भुलूं नये. आपल्याकडील मोठ्या डागांच्या अबलख घोड्यास हें लागू नाहीं.

दिवसा डोळा निरोगी दिसतो व चालींतही दोष कळत नाहीं. म्हणून दांत-खूर उन्हांत पाहावे, पण सौदा उन्हांत पुरा करूं नये. दिवेलागणीनंतर, स्वार न बसवितां, अनोळखी जागेंत दोर ढिला धरून घोडें चालवावें. वाटेंत एखादें पोतें टाकावें. जें अडखळतें किंवा पाऊल उचलण्यास कचरतें, तें घाटवाटेस निरुपयोगी; कड्यावरून त्याच्याबरोबर स्वारही जावयाचा. विक्रेता अंधारापर्यंत थांबावयास तयार नसेल, तर दुसरें घोडें पाहावें.