मंगळावर गावठाण किती, रान किती?

गाव म्हटले की गावठाण आले, शिवार आले, गायरान आले. घर कोठे बांधायचे आणि मोकळे काय ठेवायचे, याची हद्द ठरलेली असते. हद्द पाळली तर गाव सुखी. मोडली तर तंटा.

असाच हद्दीचा प्रश्न आता आकाशातल्या एका जगाविषयी निघाला आहे. ते जग म्हणजे मंगळ.

मंगळ हा पृथ्वीचा शेजारी ग्रह. रात्री तो तांबूस दिसतो. तेथला दिवस आपल्यासारखाच, सुमारे साडेचोवीस तासांचा. वर्ष मात्र आपल्या ६८७ दिवसांचे. हवा फार विरळ, श्वास घेण्याजोगी नाही. थंडी कडाक्याची. पाणी आहे, पण गोठलेले. तेथे एक डोंगर सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. आपला एव्हरेस्ट ९ किलोमीटरही भरत नाही! आपल्या देशाचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे पोहोचले आणि मंगळाभोवती फिरू लागले.

माणूस अजून तेथे गेलेला नाही. पण जाऊन वस्ती करावी, असे बेत चालले आहेत. आम्हांला त्याचे कौतुक वाटते. माणूस नवी जागा शोधणारच.

कोणी म्हणेल, "तेथे नुसते धोंडे आणि धूळ. घरे बांधली तर कोणाचे काय बिघडले?"

बरे, विचार करू. ३०० कोटी वर्षांहून पूर्वी मंगळावर नद्या वाहत होत्या, तळी होती. त्या खुणा आजही दिसतात. पाणी होते, तर बारीकसे जीव असतील का? कदाचित जमिनीखाली अजून असतील का? याचा शोध चालू आहे. आपण आपले जंतू तेथे नेले तर मग सापडलेला जंतू तेथला की आपला, हे कसे ओळखणार? जुन्या दस्तऐवजावर शाई सांडावी, तसे होईल.

म्हणून शास्त्रज्ञ जपतात. १९७६ साली अमेरिकेची व्हायकिंग नावाची दोन याने मंगळावर उतरली. निघण्यापूर्वी ती ११० अंशांहून अधिक उष्णतेत एका दिवसाहून जास्त वेळ तापवली होती. जंतू मरावेत म्हणून. १९६७ साली देशादेशांत एक करारही झाला. कोणत्याही देशाने ग्रहावर मालकी सांगू नये आणि तेथे अपायकारक घाण करू नये, असे त्यात आहे. भारतही त्या करारात आहे.

पण खरी अडचण पुढेच आहे. यान भट्टीत तापवता येते. माणूस तापवता येत नाही! माणूस गेला की त्याच्या अंगावरचे आणि पोटातले जंतू गेलेच. शिवाय वस्तीला पाणी हवे. पाणी म्हणजे बर्फ. आणि जीव असलाच, तर तोही पाण्याच्याच आसऱ्याला असायचा. म्हणजे माणसाला हवी तीच जागा जपायचीही आहे.

मग करावे काय? चार्ल्स कॉकेल आणि गेर्डा हॉर्नेक या शास्त्रज्ञांनी २००४ साली एक वाट सुचवली. मंगळावर सात राखीव राने ठेवावीत. तेथे ठरलेल्या वाटेनेच जावे, कचरा टाकू नये. बाकीच्या जागी माणसाने वस्ती करावी.

राखायचे तरी किती? मार्टिन एल्विस आणि टोनी मिलिगन या दोघा अभ्यासकांनी २०१९ साली हिशेब मांडला. सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहगोलांचा आठवा हिस्सा वापरावा आणि बाकी रान म्हणून ठेवावा, असे ते म्हणतात. म्हणजे रुपयातले दोन आणे वापरायचे, चौदा आणे राखायचे.

इतके थोडे का? आता हिशेब बघा. माणसाचा वापर दर २० वर्षांनी दुप्पट होतो, असे त्यांनी धरले. आज दोन आणे वापरले. २० वर्षांनी चार आणे. ४० वर्षांनी आठ आणे. ६० वर्षांनी सोळा आणे, रुपया खलास! दोन आण्यांपर्यंत पोहोचायला सुमारे ४०० वर्षे लागतील. उरलेले चौदा आणे ६० वर्षांत उडतील. "पुष्कळ आहे," असे म्हणता म्हणता संपते ते असे.

आकडा थोडा मागेपुढे होईल. माणूस तहानेने मरत असताना बर्फ राखून ठेवा, असे आम्हीही म्हणणार नाही. उलट, वस्तीच्या वाट्याला पुरेसा बर्फ आधीच नेमून द्यावा. म्हणजे राखलेल्या बर्फाला हात लावण्याची पाळी येणार नाही.

पण हद्द आजच आखावी. आपल्याकडे ताडोबाचे जंगल राखताना आतली काही गावे उठवावी लागली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुली हलवणे सोपे नसते. मंगळावर आज एकही चूल नाही. तेथे रेघ ओढताना कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पहिले घर उभे राहिले, की हे सोपे राहणार नाही.

वाचून झाल्यावर आपसात बोला:
१. यान तापवले, तसे माणसाला का तापवता येत नाही? त्यामुळे कोणती अडचण येते?
२. दोन आणे तीन वेळा दुप्पट केले तर किती होतात?
३. तुमच्या गावात मोकळी राखलेली जागा कोणती? तिची हद्द कोणी ठरवली?