तंतुवाद्यांचें ध्वनिभांडार

संगणकावर वाजणारें व्हायोलिन आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. परंतु जवळपास व्हायोलिन नसतां तो स्वर येतो कोठून, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. त्याचा येथें थोडासा विचार करूं.

व्हायोलिनास चार तारा असतात. त्यांपैकीं सर्वांत खालच्या स्वराची तार सेकंदास सुमारें १९६ वेळां कंप पावते, व सर्वांत उंच स्वराची सुमारें ६५९ वेळां. पण केवळ कंपसंख्येनें व्हायोलिनचा आवाज होत नाहीं. गजाचा दाब, त्याची गति व लाकडी पेटीचा घुमारा यांनीं त्यास रूप येतें. तें सर्व गणितानें साधणें कठीण. म्हणून खऱ्या वादकाकडून एकेक स्वर वाजवून घ्यावा, तो मुद्रित करावा व पट्टी दाबतांच ऐकवावा, अशी युक्ति निघाली. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें १९६३ सालीं निघालेल्या मेलोट्रॉन नांवाच्या वाद्यांत प्रत्येक पट्टीसाठीं ध्वनिफितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबून धरिली तरी सुमारें ८ सेकंदांत फीत संपे व स्वर थांबे.

पुढें फितीची जागा संगणकानें घेतली. अशा भांडारास आतां सँपल लायब्ररी म्हणतात. तींत एकाच स्वराचे अनेक नमुने असतात: हळुवार व जोरकस, गज लांब ओढून काढलेला, तुटक, आणि गज बाजूस ठेवून बोटानें तार छेडलेला. या शेवटल्या प्रकारास पिझिकाटो म्हणतात. कोणताही वादक एक स्वर दोनदां तंतोतंत सारखा वाजवीत नाहीं. म्हणून एकाच प्रकारचे अनेक नमुने घेऊन ते आळीपाळीनें ऐकवितात.

खरी अडचण याच्या पुढेंच आहे. सा आणि रे यांचे उत्तम नमुने जवळ असले, तरी एकावरून दुसऱ्यावर बोट कसें सरकतें, हें त्यांपैकीं एकांतही नसतें. यास्तव चांगल्या भांडारांत स्वरांमधील सांधेही निराळे मुद्रित करितात. परंतु ज्यानें आपल्या संगीतांतील मींड ऐकिली आहे, त्यास विचारा. ती रागाप्रमाणें व भावाप्रमाणें पालटते. ती किती सांठवावी?

या सोयीस दुसरीही बाजू आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत एके काळीं व्हायोलिनवादकांचे मोठे ताफे बसत, व त्यांत गोमंतकीयांचा भरणा असे. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील नामांकित वादक व शिक्षक. यंत्रांतील स्वर आल्यावर अशा वादकांचें काम पुष्कळ कमी झालें. उलटपक्षीं, ज्या विद्यार्थ्यास वाद्यवृंद कधींच लाभला नसता, त्यास आपली रचना घरीं बसून ऐकतां येऊं लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

विद्यार्थिमित्रहो, भांडारांतील प्रत्येक स्वर कोणीतरी वर्षानुवर्षें मेहनत करून हातीं आणिलेला आहे. त्याचा उपयोग अवश्य करा. परंतु ज्यानें स्वतः गज धरून एक तरी स्वर शुद्ध काढिला आहे, त्यासच कोणता नमुना कोठें शोभेल हें कळेल. पालकांनींही मुलांच्या हातीं यंत्र देतांना शेजारीं एखादें साधें वाद्य ठेवावें, इतकीच आमची विनंति आहे.