बोर्डावर काय असते, डिस्कवर काय नसते

मदरबोर्ड बदलायचा आणि विंडोज मात्र आहे तीच ठेवायची, असा बेत सध्या अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत शिजतो आहे, आणि त्यामागचे कारण रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. कॅबिनेट, एसएमपीएस आणि डिस्क चांगल्या स्थितीत असतील, तर बोर्ड, प्रोसेसर आणि गरज असल्यास रॅम एवढेच बदलणे हा शहाणपणाचा खर्च आहे. माझा आक्षेप बदलण्याला नाही. तो आहे बदलण्याआधी विचारल्या जाणाऱ्या एकमेव प्रश्नाला: ‘जुनी विंडोज नव्या बोर्डावर चालू होईल ना?’

हा प्रश्न विंडोज एक्सपीच्या काळात अगदी बरोबर होता. एक्सपी इन्स्टॉल होताना त्या मशीनपुरतेच डिस्क कंट्रोलरचे ड्रायव्हर सुरुवातीला चढवायची. दुसऱ्या चिपसेटच्या बोर्डाला तीच डिस्क जोडली की निळा पडदा यायचा आणि त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही ओळ दिसायची. विंडोज ७ मध्येही बायोसमधला आयडीई आणि एएचसीआय यांचा मेळ चुकला की हेच घडे. विंडोज ८ पासून, आणि विशेषतः १० मध्ये, हे बरेच सुधारले. आज बहुतेक वेळा विंडोज नवे हार्डवेअर ओळखते, एक-दोनदा रीस्टार्ट होते आणि डेस्कटॉप समोर येतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. जुन्या बोर्डावर इंटेलची रेड किंवा आरएसटी पद्धत चालू असेल आणि नव्यावर साधी एएचसीआय असेल, तर जुना अडथळा पुन्हा उभा राहतो. तो टाळायचा असेल, तर शेवटचे रीस्टार्ट सेफ मोडमध्ये होईल अशी व्यवस्था जुन्याच बोर्डावर करून ठेवावी, कारण सेफ मोडमध्ये विंडोज साठवणुकीचे मूळ ड्रायव्हर पुन्हा तपासून घेते.

म्हणून ‘चालू होईल का’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘हो’ असे येते, आणि माणूस निर्धास्तपणे स्क्रू काढायला घेतो. खरा प्रश्न वेगळा आहे: आपल्या कामाचे असे काय काय आहे, जे डिस्कवर नसून बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये आहे? ते डिस्कबरोबर नव्या बोर्डावर येत नाही.

यात सर्वांत गंभीर बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय. विंडोज डिस्क कूटबद्ध करते तेव्हा ती उघडण्याची किल्ली टीपीएमच्या ताब्यात असते, आणि हल्ली टीपीएम ही बहुधा वेगळी चिप नसून इंटेलच्या पीटीटी किंवा एएमडीच्या एफटीपीएमच्या रूपात बोर्ड-प्रोसेसरच्या जोडीतच असते. बोर्ड बदलला की कुलूप डिस्कवर राहते आणि किल्ली जुन्या बोर्डाबरोबर जाते. मग पडद्यावर ४८ अंकांची रिकव्हरी की मागितली जाते. ‘मी बिटलॉकर कधी लावलेच नाही’ असे इथे हमखास ऐकू येते. ते प्रामाणिकही असते, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीत त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या. त्यामुळे ती आवृत्ती नव्याने टाकलेले साधे असेंबल्ड डेस्कटॉपही आता यात येऊ शकतात. तेव्हा आठवणीवर विसंबू नका, सेटिंग्जमध्ये जाऊन तपासा. एन्क्रिप्शन चालू असेल तर ते नुसते सस्पेंड करू नका. कंट्रोल पॅनेलमधून केलेले सस्पेंड पुढच्या रीस्टार्टनंतर आपोआप उठते, आणि आपल्या हातात किती रीस्टार्ट असतील हे आधी सांगता येत नाही. ते पूर्ण बंद करा, डिस्क उघडी होईपर्यंत थांबा आणि तरीही रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट पिनची. रोज चार-सहा आकडे टाकून संगणक उघडणाऱ्या माणसाला खात्याचा पासवर्ड अनेकदा आठवतच नाही. विंडोज हॅलोचा पिनही टीपीएमशी बांधलेला असतो, म्हणून नव्या बोर्डावर तो उपलब्ध नसल्याचा संदेश येतो आणि पासवर्ड मागितला जातो. तो विसरलेला असेल तर बदलण्यासाठी इंटरनेट हवे, आणि नव्या बोर्डावरच्या लॅन किंवा वाय-फायचा ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये नसेल तर इंटरनेटही नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला, तर हा पेच उद्भवत नाही.

परवान्याबाबत लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत असतात. तयार मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना त्या मशीनचाच असतो आणि त्याची की बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये असते. नव्या बोर्डावर तो हक्काने मागता येत नाही, म्हणून त्याचा खर्च हिशेबात धरलेला बरा. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र नेता येतो. २०१६ च्या विंडोज १० सुधारणेपासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतो, आणि मग अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘अलीकडे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय वापरता येतो. पण ही जोडणी जुना बोर्ड चालू असतानाच करायची असते. हिशेबाचे काम टॅलीवर चालणाऱ्या कार्यालयांनी तिचा परवाना आधी सरेंडर करावा. मशीनशी बांधलेल्या इतर सशुल्क सॉफ्टवेअरचेही तेच.

जुनी विंडोज एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल, तर आणखी एक काम आधीच उरकावे. अशी विंडोज ज्या जुन्या पद्धतीने बूट होते, त्या पद्धतीने नव्या बोर्डांपैकी अनेकांना बूट करताच येत नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्येच येणारे एमबीआर-टू-जीपीटी हे साधन माहिती न पुसता डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर बदलून देते. अर्थात बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

‘एवढा खटाटोप कशाला, सरळ फॉरमॅट मारा,’ हा सल्ला दुकानात सहज मिळतो, आणि तो चुकीचा नाही. वर्षानुवर्षे साचलेले ड्रायव्हर, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअर आणि कारण नसताना मंदावलेले मशीन असेल, तर मीही तोच सल्ला देईन. पण फॉरमॅटने वरच्यापैकी मोठ्या अडचणी सुटत नाहीत. कूटबद्ध डिस्क पुसली की आतली माहिती गेली, ओईएम परवाना ओईएमच राहिला आणि सरेंडर न केलेले सॉफ्टवेअर अडकलेलेच. फॉरमॅटने मुख्यतः ड्रायव्हरची अडचण मिटते, आणि आज तीच सर्वांत किरकोळ आहे. लिनक्सवाल्यांना परवान्याची चिंता नाही. उबुंटू किंवा डेबियन नव्या बोर्डावर बहुधा निमूट उठते, फक्त नेटवर्क कार्डाचे नाव बदलल्यामुळे हाताने लिहिलेली आयपीची मांडणी नव्याने करावी लागते.

‘पण आमचा बोर्ड तर आधीच बंद पडलाय, आधी करायच्या गोष्टी आता कशा करणार?’ हा सर्वांत रास्त आक्षेप, कारण बोर्ड बहुतेकदा बिघडल्यावरच बदलला जातो. अशा वेळी नवा बोर्ड विकत घेण्याआधी मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खाते उघडून रिकव्हरी की तिथे आहे का ते पाहावे. ती असेल तर बाकीचे सगळे निस्तरता येते. ती नसेल आणि डिस्क कूटबद्ध असेल, तर डेटा रिकव्हरीच्या दुकानात डिस्क नेऊन उपयोग नाही. जुना बोर्ड भंगारात न देता चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा, तोही जुन्याच प्रोसेसरसह. बायोस फ्लॅश करू नये आणि टीपीएम क्लिअर करू नये, असे त्याला स्पष्ट सांगावे. एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम रीसेट करण्याविषयी वाय की एन असे विचारले गेले तर एन दाबावे. अशा दुरुस्तीनंतर बोर्ड फार दिवस टिकला नाही तरी चालते. डिस्क उघडून बिटलॉकर पूर्ण बंद करण्यापुरता आणि फाइली दुसरीकडे उतरवण्यापुरता तो चालला, की नवा बोर्ड घ्यायला हरकत नाही.