झडप आपल्या चालीनं चालते

महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. मला जन्मापासून दोनच. शंभरात एखाद-दोघांचं असं असतं म्हणे. म्हणजे आमच्या नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात माझ्यासारखे कितीतरी जण वांग्याचा भाव करत असणार, आणि त्यांना पत्ताही नसणार.

१. चालल्यानं झडप लवकर खराब होत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तरी मला पटायला वेळ लागला. रेशीमबागेकडे सकाळी निघालो की वाटायचं, आज थोडी झिजली. पण दोन पाकळ्यांवर ताण वेडावाकडा पडतो, हळूहळू कॅल्शियम साचतं, त्या ताठरतात. हे घरी बसलेल्याचंही होतं. अशी झडप असलेल्या खेळाडूंवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली, तरी खेळल्यामुळे बिघाड वेगानं वाढल्याचं दिसलं नाही.

२. चालल्यानं ती सुधारतही नाही. हे पचायला जास्त जड गेलं. वजन उतरलं, बीपी ताळ्यावर आलं, म्हणून हृदयाच्या पुढच्या इको तपासणीत शाबासकी मिळेल अशी माझी समजूत. तर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ज्याला डॉक्टर ग्रेडियंट म्हणतात, तो मागच्यापेक्षा थोडा वरच! मेहनतीचा पगार मिळतो, पण दुसऱ्या खिडकीवर.

३. जपायचं ते दम कोंडून करायच्या कामांत. आमच्याकडे मार्च सरता सरता माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्याची खस बदलते, मग बादल्या भरभरून पाणी. गॅसचा भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा. असलं काही उचलताना दात आवळले जातात, श्वास अडतो आणि बीपी क्षणात उसळतं. दोन पाकळ्यांच्या माणसाची महाधमनीही पुष्कळदा जरा नाजूक असते, फुगत जाते. ती 45 मिलिमीटरच्या पुढे गेली की जड वजनं बंदच करायला सांगतात. आता मी सिलिंडरकडे नुसतं पाहिलं तरी शेजारचा पोरगा ओरडतो, ‘‘कायले उचलून राहिले काका, मी आहे ना!’’ पुरुषी अभिमान फुगायला मिलिमीटर लागत नाहीत. जिमच्या भिंतीवर पोस्टर असतं ना, त्या अर्नोल्ड श्वार्झनेगरचीही झडप दोन पाकळ्यांचीच. 1997, 2018 आणि 2020 मध्ये त्याच्या झडपांची ऑपरेशनं झाली. मला यातून धीर मिळतो की धडकी भरते, ते अजून ठरत नाही.

४. बोलता आलं पाहिजे. चालताना राजकारणावर वाद घालता येतो तोवर वेग बरोबर. वाक्य अर्ध्यात तुटलं की मी हळू होतो, आणि वादात हरतो.

५. ‘ऊन लागलं’ हे कारण माझ्यासाठी नाही. मे महिन्यात पारा 45च्या घरात गेला की नागपुरात कुणालाही घेरी येते, कैरीचं पन्हं पाजलं की विषय संपतो. मला मात्र चालताना घेरी आली, छाती दाटली किंवा नेहमीच्या चढावर नवा दम लागला, तर पन्ह्यावर भागत नाही. झडप फार अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी व्यायाम थांबवून डॉक्टर गाठायचा.

६. हे घराण्यात उतरतं. माझं कळलं तेव्हा भावंडांनी नाकं मुरडली, ‘‘आम्हाला काहीच होत नाही.’’ मलाही काहीच होत नव्हतं. तुमच्या घरी कुणाची झडप अशी निघाली, तर सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा एकदा इको करून घ्या.